टपाल थांबते, मुदत थांबत नाही

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी कॅनडातील सुमारे ५५,००० टपाल कर्मचाऱ्यांनी काम थांबविले, आणि अटलांटिकच्या काठावरील सेंट जॉन्सपासून पॅसिफिकच्या काठावरील व्हिक्टोरियापर्यंत पसरलेल्या त्या विस्तीर्ण देशात पत्र टाकण्यात आणि पत्राची वाट पाहण्यात काही अर्थ उरला नाही. हा संप १७ डिसेंबरपर्यंत, म्हणजे महिन्याहून थोडा अधिक काळ चालला. नाताळच्या भेटवस्तू, लहान व्यापाऱ्यांचा अडकलेला माल आणि दूरदेशीच्या आप्तांची शुभेच्छापत्रे यांच्याविषयी त्या दिवसांत पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले, आणि ते योग्यही होते. परंतु या सर्वांच्या आड एक अडचण अशी होती की, जी फारशी दृष्टीस पडत नाही, मात्र जिचा भार प्रत्येक घरमालकावर, भाडेकऱ्यावर आणि अनुदानावर जगणाऱ्या इसमावर पडतो. ती अडचण म्हणजे नागरिक आणि त्याची नगरपालिका यांच्यामधील रोजच्या व्यवहाराची.

घरपट्टीचे बिल, पाणीपट्टीचे बिल, परवान्याच्या नूतनीकरणाची आठवण, रस्त्यावर गाडी उभी केल्याबद्दलच्या दंडाची नोटीस, शेजारच्या जागेत होऊ घातलेल्या इमारतीविषयीची सूचना आणि काही ठिकाणी तर मतपत्रिकासुद्धा, हे सारे कागद त्या देशात अद्याप मोठ्या प्रमाणावर टपालानेच ये-जा करतात. टपाल थांबले की हे कागद जागच्या जागी थांबतात, पण त्यांच्यावर छापलेल्या तारखा थांबत नाहीत. कर भरण्याची मुदत आपल्या दिवशी येते, ती चुकली की दंड आपल्या दराने चढतो, आणि हरकत घेण्याचा अवधी संपला की तो हक्क नाहीसा होतो. शासन आणि प्रजा यांच्यामधील दळणवळण खंडित झाले असताना शासनाने घातलेल्या मुदतीचे काय करावयाचे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला तरी नागरिकत्वाच्या गाभ्याला भिडणारा आहे, आणि म्हणूनच त्याचा थोडा सविस्तर विचार येथे करावयाचा आहे.

कायदा काय सांगतो

लोकसंख्येने कॅनडातील सर्वांत मोठा प्रांत जो ओंटारिओ, त्याचेच उदाहरण घेऊ. तेथील नगरपालिकांचा कारभार २००१ च्या नगरपालिका अधिनियमान्वये चालतो. टोरांटो शहरासाठी २००६ चा स्वतंत्र अधिनियम असला तरी करवसुलीची तत्त्वे दोन्हीकडे सारखीच आहेत. या अधिनियमानुसार नगरपालिकेच्या खजिनदाराने कर भरावयाच्या तारखेपूर्वी किमान २१ दिवस प्रत्येक करदात्यास बिल पाठविले पाहिजे. त्याचबरोबर मुदत चुकल्यास थकलेल्या रकमेवर दरमहा सव्वा टक्क्यापर्यंत दंड अथवा व्याज आकारण्याची मुभाही त्याच अधिनियमाने नगरपालिकेस दिली आहे. म्हणजे ४,००० डॉलरांचा एक हप्ता चुकला तर थकल्याच्या पहिल्याच दिवशी ५० डॉलरांचा भुर्दंड पडू शकतो, आणि पुढेही भरणा न झाल्यास त्यात महिन्यामागून महिना भर पडत राहते.

आता बिल पाठविणे ही खजिनदाराची जबाबदारी आणि भरणा करणे ही नागरिकाची, असे हे उभयपक्षी बंधन दिसत असले तरी या दोन्ही पारड्यांचे वजन समान नाही. बिल हाती पडले नाही म्हणून दंड माफ होत नाही, अशी सूचना तेथील असंख्य नगरपालिका आपल्या बिलांवर छापतात आणि संपाच्या दिवसांत तीच पुनःपुन्हा जाहीर करतात. तिच्यामागील युक्तिवाद असा की, घर आपले आहे आणि त्यावर वर्षानुवर्षे ठराविक सुमारास कर बसतो हे घरमालकास ठाऊक असते. तेव्हा बिलाचा कागद ही केवळ आठवण होय, देणे हे त्या कागदातून उत्पन्न होत नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. बिल न मिळाल्याची सबब प्रत्येक वेळी ग्राह्य धरली, तर वसुली कधीच पुरी व्हावयाची नाही, आणि शहराचे दिवे, रस्ते, अग्निशामक दल व ग्रंथालये तर त्या वसुलीवरच चालतात. तथापि ज्या बिलावर नेमकी रक्कम असते, जे पोचविण्याचे कर्तव्य कायद्याने एका पक्षावर टाकलेले असते, आणि जे सार्वजनिक कारणाने अडून पडलेले असते, त्याच्या अभावाची संपूर्ण किंमत दुसऱ्याच पक्षाने भरावी, हे न्यायबुद्धीला पटत नाही.

एकाच संपाचा फटका सर्व शहरांना सारखा बसत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. टोरांटोमध्ये वर्षाचे पहिले, अंतरिम बिल जानेवारीत निघते आणि त्याचे हप्ते मार्च, एप्रिल व मे महिन्यांत पडतात. दुसरे बिल मे महिन्यात निघून त्याचे हप्ते जुलैपासून सप्टेंबरपर्यंत भरावयाचे असतात. पश्चिमेकडील अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरी आणि एडमंटन या शहरांत वर्षाची घरपट्टी जूनच्या अखेरीपर्यंत भरावयाची असते, तर व्हँकूव्हरात मुख्य देय तारीख जुलैच्या आरंभी येते. त्यामुळे नोव्हेंबरातील संपाने एका शहराची केवळ पाणीपट्टीची बिले अडतात, तर जूनमधील संपाने दुसऱ्या शहराची वर्षाची वसुलीच टांगणीला लागते. २०११ साली नेमके असेच घडले. प्रथम आळीपाळीने निरनिराळ्या शहरांत संप झाले, मग जूनच्या मध्यास व्यवस्थापनाने टाळेबंदी पुकारली, आणि संघराज्याच्या संसदेने कायदा करून काम सुरू करविले तेव्हा जून महिना संपत आला होता, म्हणजे अल्बर्टातील घरपट्टीची मुदत दाराशी येऊन ठेपली होती.

कचेरीचे दार

संप सुरू झाला की नगरपालिका काय करतात? पहिला मार्ग सर्वांत जुना आहे, आणि तो म्हणजे नागरिकाने स्वतः कचेरीत जाऊन खिडकीवर भरणा करून पावती घेणे. टोरांटोत मध्यवर्ती सिटी हॉलखेरीज नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, इटोबिको इत्यादी भागांत जुन्या नगरपालिकांच्या इमारती आहेत. १९९८ साली या सर्व नगरपालिका एकत्र करून आजचे टोरांटो शहर बनविण्यात आले तेव्हा त्या जुन्या इमारतींतील खिडक्या कायम राहिल्या, आणि त्यामुळे पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील उपनगरातल्या रहिवाशास शहराच्या मध्यभागी येण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागत नाही. लहान गावांत कचेरी एकच असते. पण तिच्या बाहेरच्या भिंतीत बहुधा एक कुलूपबंद पेटी असते, तिच्यात धनादेश व बिलाचा तुकडा लिफाफ्यात घालून कचेरी बंद असतानाही टाकता येतो. संपकाळात या पेटीचे महत्त्व एकाएकी वाढते.

दुसरा मार्ग बँकेचा. खात्यातून परस्पर भरणा करण्यासाठी मिळकतीचा क्रमांक हाती असावा लागतो, आणि ओंटारिओत हा क्रमांक १९ अंकी असतो. तो जुन्या बिलावर छापलेला असल्याने नवे बिल न येताही जुने बिल जपून ठेवणाऱ्याचे काम अडत नाही. तिसरा मार्ग आगाऊ मंजुरीचा, म्हणजे ठरलेल्या दिवशी हप्ता नागरिकाच्या खात्यातून आपोआप वळता होण्याचा. चौथा मार्ग दूरध्वनीचा. कॅनडातील अनेक शहरांत ३११ हा क्रमांक फिरविला की नगरपालिकेचा माणूस बोलतो, आणि टोरांटोत ही सेवा २००९ सालापासून चालू असून दुभाष्याच्या साहाय्याने १८० हून अधिक भाषांतून उपलब्ध आहे. बिल आले नसेल तर रक्कम किती आणि मुदत केव्हा एवढे तरी या मार्गाने कळू शकते. याखेरीज संगणकावरून बिल पाहण्याची सोय आता बहुतेक मोठ्या शहरांनी केली आहे.

नगरपालिकेकडून नागरिकाकडे जाणारा पैसा हा याहून नाजूक विषय होय. ओंटारिओत निराधार व बेकार लोकांना मिळणारे साहाय्य प्रांताच्या निधीतून येत असले तरी त्याचे वाटप बव्हंशी नगरपालिकांमार्फत होते. ज्यांचे बँकेत खाते आहे त्यांना ते परस्पर मिळते. परंतु ज्यांना अद्याप धनादेशच पाठविला जातो, त्यांना संपकाळात स्थानिक कार्यालयात येऊन तो घेऊन जाण्यास सांगण्यात येते. घरभाड्याची तारीख तोंडावर आलेली असताना, हिवाळ्याच्या कडाक्यात, लहान मुलाला घेऊन दोन बसगाड्या बदलीत त्या कार्यालयापर्यंत जाणे ही गोष्ट ज्यांना करावी लागते त्यांच्याजवळ नेमकी तीच साधने नसतात जी श्रीमंताच्या घरी निरुपयोगी पडून असतात.

या बाबतीत एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. संघराज्य सरकारचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन, मुलांच्या पालनपोषणाचे अनुदान इत्यादींचे धनादेश संपकाळातही पोचविण्याचा करार कॅनडा पोस्ट आणि टपाल कर्मचाऱ्यांची संघटना यांच्यात झालेला आहे, आणि त्यानुसार २०२४ च्या संपातही २० नोव्हेंबर रोजी ते धनादेश पोचविण्याची व्यवस्था होती. स्वतःचा पगार थांबलेला असताना इतरांचा घास अडू नये म्हणून हे कर्मचारी त्या दिवसापुरते पिशव्या खांद्यावर घेतात. दोन प्रबळ पक्षांतील झगड्यातही दुबळ्याचा हक्क वेगळा काढून ठेवता येतो, याचा हा उत्तम पुरावा आहे. आणि जे संघराज्याच्या पातळीवर जमले ते नगराच्या पातळीवर न जमण्यास काही कारण दिसत नाही.

हरकतीचा अवधी आणि मतपत्रिका

कराचा प्रश्न निदान पैशाने सुटतो. हक्काचा सुटत नाही. नगराच्या नियोजनाचे कायदे असे गृहीत धरून चालतात की, ज्याच्या घराशेजारी काही घडावयाचे आहे त्यास ते आधी कळले पाहिजे. ओंटारिओत जमिनीच्या वापराचे नियम बदलावयाचे असतील तर त्या जागेपासून १२० मीटरांच्या आतील मालकांना टपालाने सूचना पाठविणे हा एक विहित मार्ग आहे. नियमातून किरकोळ सूट मागणाऱ्या अर्जासाठी हे अंतर ६० मीटरांचे आहे. स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात देणे हा पर्यायी मार्ग पूर्वीपासून होता, परंतु २०२३ च्या सप्टेंबरात ओंटारिओतील सत्तरांहून अधिक साप्ताहिकांची छापील आवृत्ती एकाच प्रकाशनसमूहाने एकदम बंद केली, आणि ज्या गावांत आता छापील वृत्तपत्रच नाही तेथे नगरपालिकेच्या संकेतस्थळावरील सूचना ग्राह्य धरण्याची तरतूद पुढील वर्षी करावी लागली. अशा गावात टपालही बंद पडले, तर शेजारी काय उभे राहणार आहे हे कळण्यास ज्याच्या घरी संगणक नाही त्यास जागेवर लावलेल्या फलकाखेरीज दुसरे साधन उरत नाही. आणि हिवाळ्यात घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने तो फलक असून नसल्यासारखाच होय.

मतदानाचे उदाहरण याहून ठळक आहे. २२ ऑक्टोबर २०१८ हा दिवस ओंटारिओतील सर्व नगरपालिकांच्या निवडणुकीचा होता, आणि टपाल कर्मचाऱ्यांचे आळीपाळीचे संपही नेमक्या त्याच दिवशी सुरू झाले. ज्या नगरपालिकांनी टपालाने मतदान ठेवले होते त्यांच्या मतपत्रिका त्या सुमारास परतीच्या वाटेवर होत्या. त्याच दिवशी ब्रिटिश कोलंबिया प्रांतात निवडणूकपद्धतीविषयीचे सार्वमत टपालाने घेण्यास प्रारंभ झाला. त्याची मुदत ३० नोव्हेंबर होती, ती संपामुळे ७ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. पुढे २५ सप्टेंबर २०२५ रोजी देशव्यापी संप पुन्हा सुरू झाला तेव्हा न्यूफाउंडलंडमधील नगरपालिकांची निवडणूक, जी २ ऑक्टोबरला होती, अवघ्या आठवड्यावर आली होती. सेंट जॉन्स या त्या प्रांताच्या राजधानीत मतदान टपालानेच होत असल्याने, मतदारांनी आपापली मतपत्रिका पेटीत आणून टाकावी यासाठी नगरपालिकेस ठिकठिकाणी सोय करावी लागली. अल्बर्टातील नगरपालिकांच्या २० ऑक्टोबरच्या निवडणुकीतही, प्रत्यक्ष केंद्रावर येऊ न शकणाऱ्या मतदारांच्या विशेष मतपत्रिकांचा प्रश्न याच संपाने उभा केला.

या सर्व प्रकरणांतून एक बोध निघतो. ब्रिटिश कोलंबियाच्या सार्वमतात मुदत वाढविली गेली, कारण ती वाढविण्याचा अधिकार कोणाला आहे हे ठरलेले होते आणि त्या अधिकाऱ्याने तो वापरला. सेंट जॉन्समध्ये मुदत वाढली नाही, पण मतपेटी मतदाराच्या जवळ आणली गेली. दोन्ही ठिकाणी अडचणीचा भार निदान अंशतः शासनाने उचलला. मतपत्रिकेच्या बाबतीत जे न्याय्य मानले गेले, तेच घरपट्टीच्या आणि हरकतीच्या अर्जाच्या बाबतीतही न्याय्य मानले जावे, एवढीच अपेक्षा येथे आहे.

संपकऱ्यांविषयी

असे काही लिहिताना संपकऱ्यांवर दोषारोप करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे, कारण तो इतिहासाला धरून नाही. कॅनडातील टपाल कर्मचाऱ्यांच्या १९६५ च्या संपानंतर तेथील सरकारी नोकरांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला. १९८१ साली ४२ दिवसांचा संप करून त्यांनी १७ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळविली, आणि तिचा लाभ पुढे इतर क्षेत्रांतील स्त्रियांनाही होत गेला. १९७८ साली संप मोडण्याचा कायदा झुगारल्याबद्दल संघटनेचे अध्यक्ष ज्याँ-क्लोद पारो यांना तुरुंगवास घडला. २०१५ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने संपाचा हक्क हा राज्यघटनेने संरक्षिलेला हक्क असल्याचा निर्णय दिला. जे लोक बर्फात, पावसात आणि निसरड्या पायऱ्यांवरून दारोदार जाऊन शासनाचे कागद नागरिकाच्या हाती ठेवतात, त्यांनी आपल्या श्रमाचे मोल मागितले म्हणून त्यांना नागरिकांचे शत्रू ठरविणे अनुचित होय.

दुसऱ्या बाजूचीही अडचण खरी आहे. २००६ साली कॅनडा पोस्टने सुमारे साडेपाच अब्ज पत्रे पोचविली. २०२३ साली ही संख्या २.२ अब्जांवर आली होती. त्या एका वर्षात संस्थेस ७४ कोटी ८० लाख डॉलरांचा तोटा झाला. टपालाच्या या वादासाठी नेमलेल्या विल्यम कॅप्लन यांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात घरोघरी पत्रांचा रोजचा बटवडा बंद करण्याची शिफारस केली, आणि त्या सप्टेंबरात सरकारने, ज्या सुमारे ४० लाख पत्त्यांवर अद्याप दारापर्यंत टपाल जाते तेथे सामाईक पेट्या बसविण्यास मोकळीक देत असल्याचे जाहीर केले. याच घोषणेतून त्या महिन्याचा संप उद्भवला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी उभय पक्षांत तत्त्वतः समझोता झाल्याचे जाहीर झाले. परंतु पत्रांची संख्या घटण्याची प्रक्रिया कोणत्याही समझोत्याने उलटणार नाही. म्हणजे संपाच्या दिवसांत जे आकस्मिक म्हणून अनुभवास येते, ते हळूहळू नित्याचे होणार आहे. संप ही त्या भविष्याची रंगीत तालीमच म्हणावयाची.

मग सगळा व्यवहार संगणकावर न्यावा, असे उत्तर सहज सुचते, आणि बहुसंख्य लोकांपुरते ते ठीकही आहे. परंतु ज्यांना ते लागू पडत नाही असे लोक संख्येने कमी असले तरी नगण्य नाहीत. एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया, दुर्गम वसाहतींतील आदिवासी समाज, नुकतेच येऊन दाखल झालेले आणि भाषेशी अद्याप झगडणारे स्थलांतरित, दृष्टी अधू झालेले लोक, या सर्वांसाठी कागदाचे बिल ही सवयीची नव्हे तर गरजेची बाब आहे. खाजगी वाहकांकरवी बिले पाठवावीत तर तेही सोपे नाही. पत्रे पोचविण्याचा विशेषाधिकार १९८१ च्या कॅनडा पोस्ट अधिनियमाने त्या संस्थेस दिला आहे, आणि तातडीचे पत्र खाजगी निरोप्याकरवी पाठवावयाचे तर त्याचे हंशील ५० ग्रॅमच्या पत्रास लागणाऱ्या नेहमीच्या दराच्या किमान तिप्पट असावे लागते. लक्षावधी बिलांसाठी हा खर्च कोणत्याही नगरपालिकेस परवडणारा नाही.

महाराष्ट्राशी असलेला धागा

मराठी वाचकास हा प्रश्न केवळ परदेशचा वाटण्याचे कारण नाही. कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मुलांकडे जाऊन राहिलेले निवृत्त आईवडील पुष्कळ आहेत, आणि त्यांतील अनेकांचे निवृत्तिवेतन भारतातून येते. त्यासाठी दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२४ चा संप नेमका नोव्हेंबराच्या मध्यास सुरू झाला. २०१४ साली सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या व्यवस्थेमुळे हा दाखला आता संगणकाच्या साहाय्यानेही देता येतो. परंतु जे आजवर सही केलेला कागद पाकिटात घालून बँकेकडे पाठवीत आले, त्यांना त्या वर्षी दुसरी वाट शोधणे भाग होते. पाणीपट्टी तिकडची आणि दाखला इकडचा, अशा दोन मुदती एकाच घरात एकाच महिन्यात उभ्या राहिल्या असता टपालाचे खंडित होणे किती दूरवर जाचते, हे यावरून दिसावे.

आपल्याकडेही टपालाचे संप झाले आहेत. ११ जुलै १९४६ रोजी सुरू झालेल्या टपाल व तार कर्मचाऱ्यांच्या देशव्यापी संपाने स्वातंत्र्यपूर्व भारत ढवळून काढला होता, आणि त्याच्या समर्थनार्थ २९ जुलैस कलकत्त्यात सार्वत्रिक संप झाला होता. परंतु नगरपालिकेच्या कागदांच्या बाबतीत आपली जुनी व्यवस्था टपालावर सर्वस्वी विसंबलेली नव्हती. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात नोटीस बजावण्याचा जो क्रम दिला आहे, त्यात प्रथम ती संबंधित इसमाच्या हाती द्यावयाची. तो न भेटल्यास त्याच्या शेवटच्या ज्ञात राहत्या ठिकाणी ठेवावयाची किंवा घरातील प्रौढ माणसाच्या स्वाधीन करावयाची. तो अन्यत्र राहत असून पत्ता ठाऊक असल्यास टपालाने धाडावयाची. आणि यांपैकी काहीच साधले नाही तर ती इमारतीच्या ठळक भागावर डकवावयाची. नोटीस घेऊन येणारा शिपाई ही व्यक्ती लोकांस फारशी प्रिय नसेल. पण नगरपालिकेने आपला माणूस आपल्या नागरिकाच्या दारापर्यंत पाठवावा, हे जे तत्त्व त्या कलमांत गृहीत धरले आहे, ते लोकशाहीच्या दृष्टीने मोलाचे आहे, आणि आज आपल्याकडील महानगरपालिकाही जेव्हा वेगाने संगणकाकडे वळत आहेत तेव्हा ते गमावता कामा नये.

नागरिकाने आणि नगरपालिकेने करावयाचे

टपालाच्या संपात सापडलेल्या नागरिकाने काही गोष्टी वेळीच केल्या तर त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. मागील वर्षाची बिले जपून ठेवावीत, कारण मिळकतीचा क्रमांक व पूर्वीच्या हप्त्यांच्या तारखा त्यांत असतात, आणि या तारखा वर्षागणिक फारशा बदलत नाहीत. संपाची पूर्वसूचना बहुधा किमान तीन दिवस आधी दिली जाते. ती ऐकताच धनादेश टपालात टाकण्याचे थांबवावे. जो धनादेश आधीच टाकला आहे तो अडकून पडल्यास बँकेस सांगून त्याचे अधिदान थांबवावे आणि मगच दुसऱ्या मार्गाने भरणा करावा, अन्यथा संप मिटल्यावर तोच हप्ता दोनदा वसूल होण्याचा संभव असतो. बँकेमार्फत पाठविलेली रक्कम नगरपालिकेच्या खाती जमा होण्यास दोन-तीन कामकाजाचे दिवस लागू शकतात, म्हणून अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये. खिडकीवर भरणा केल्यास पावती घ्यावी आणि पेटीत लिफाफा टाकल्यास तारीख लिहून ठेवावी. आणि ज्याला हे सर्व स्वतः करता येते त्याने शेजारच्या एकट्या वृद्धाची विचारपूस करून त्याचाही लिफाफा बरोबर न्यावा.

परंतु नागरिकाची दक्षता ही नगरपालिकेच्या कर्तव्याची भरपाई होऊ शकत नाही. टपाल बंद पडण्याची शक्यता ही आता अपवादात्मक म्हणता येत नाही. २०१८, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांत ती एकाच देशात प्रत्यक्ष घडली. तेव्हा प्रत्येक नगरपालिकेने आपल्या उपविधींत अशी तरतूद आधीच करून ठेवावी की, टपालसेवा स्थगित झाल्याचे जाहीर होताच, ज्यांनी कागदी बिलाचा मार्ग स्वीकारला आहे त्यांच्या मुदती तेवढ्या दिवसांपुरत्या आपोआप पुढे जातील आणि त्या दिवसांचा दंड आकारला जाणार नाही. आणि जेथे प्रांताचा कायदा अशा तरतुदीच्या आड येत असेल तेथे तो दुरुस्त व्हावा. संपकाळात भरणाकेंद्रांची वेळ वाढवावी, आणि ग्रंथालये व वृद्धांची सभागृहे यांसारख्या जेथे लोक एरवीही जातात अशा ठिकाणी नगरपालिकेचा माणूस ठराविक वारी बसावा. ज्यांस साहाय्याचे धनादेश जातात त्यांच्यापैकी अपंग व वृद्ध कोण आहेत याची यादी कार्यालयात तयार असावी, आणि त्यांना बोलावून न घेता कर्मचाऱ्यानेच त्यांच्याकडे जावे. हरकतीचा अवधी टपालाच्या खंडितकाळात मोजला जाऊ नये.

या सूचनांना पैसा लागेल हे खरे; पण तो फार नाही, आणि ज्या दंडाच्या उत्पन्नावर आपला न्याय्य अधिकार नव्हता तेच सोडून देण्याचा प्रश्न यात मुख्यतः आहे. लोक कर देतात ते केवळ कायद्याच्या धाकाने नव्हे. नगर आपले आहे आणि त्याच्या कारभारात आपल्याला वागविले जाते ते न्यायाने, या विश्वासाने देतात. मुदत ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्यानेच ती मुदत नागरिकाच्या कानावर घालण्याचे दायित्वही पत्करले पाहिजे. आणि ते दायित्व पोस्टमनच्या खांद्यावर टाकून मोकळे होण्याचे दिवस आता, संप असो वा नसो, संपत आले आहेत.